पोत वाढवली

आईची पोत वाढवली तो रविवार होता आणि केर काढणाऱ्या मावशींची सुट्टी होती, म्हणून मणी वाचले. नाहीतर अर्धे तरी सुपलीतून थेट घंटागाडीत गेले असते.

'वाढवली' असंच म्हणायचं. तुटली म्हणायचं नाही. आमच्या घरात देवावर अर्धामुर्धा विश्वास ठेवणारी, उपास सोयीने करणारी माणसं आहेत, पण हा एक शब्द कुणाच्या तोंडून चुकूनही जात नाही. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. देवापुढे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. जुने दुकानदार रात्री दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. जे जे मोडतं, मिटतं, त्याला आपण वाढीला लावून ठेवलंय. भावाची मुलगी नऊ वर्षांची. तिने सरळ विचारलं, "आत्या, वाढवली तर मग छोटी का झाली?"

बाबा वर्तमानपत्रामागून हसले. आई हसली नाही. तिचा एक हात गळ्याशी होता, दुसऱ्याची मूठ गच्च मिटलेली. मुठीत दोन वाट्या आणि चार सोन्याचे मणी. बाकी सगळं जमिनीवर.

आणि जमीन मोझेकची. पांढरट लादीत काळे, तपकिरी ठिपके. काळा मणी हरवायला याहून सोयीची जागा कुणी बनवली नसेल. पहिली दहा मिनिटं मी लादीतले ठिपकेच नखाने टोकरत होते. मग बाबांनी खुर्चीवरूनच, पाय वर घेऊन, एक युक्ती सांगितली: मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा धर. धरला. ठिपका होता तसाच राहिला आणि मण्यामागे मात्र चांगली बोटभर सावली उभी राहिली. पलंगाखाली तर काळ्या टाचण्यांचं रान उगवल्यासारखं दिसलं. आईची युक्ती वेगळी. तिने कणकेचा लिंबाएवढा गोळा केला आणि तो कोपऱ्याकोपऱ्यातून लाटल्यासारखा फिरवला. मणी त्याला चिकटून वर आले. धूळ, केस आणि एक जुनी टिकलीही आली, पण ते असो.

अशी शोधाशोध चालली असताना पोरीने एक दाणा आणून माझ्या तळहातावर ठेवला. काळा, गोल, चकचकीत. मी वाटीत टाकणार, तेवढ्यात आई म्हणाली, "ती मोहरी आहे." चष्म्याशिवाय, चार फुटांवरून. मी नखावर धरून उजेडाकडे केली. खरंच मोहरी. भोक नव्हतं.

तेव्हापासून मण्यांनी माझ्या डोक्यात जे घर केलं, ते काही केल्या हलेना. मणी काचेचा असतो, सोन्याचा असतो, लाखेचा, तुळशीचा, हाडाचा, शंखाचा, भाजलेल्या मातीचा. गोल असतो, लांबट असतो, चपटा असतो. यातलं काहीही बदललं तरी तो मणीच राहतो. भोक गेलं की मोहरी. मराठीत या भोकाला वेगळा शब्द आहे, वेज. मण्याला, मोत्याला वेज पाडतात. हा शब्द आता सोनारांच्या आणि कोशांच्या आश्रयाला राहिलाय, पण मला तो 'छिद्र'पेक्षा कितीतरी नेमका वाटतो. छिद्र म्हणजे काहीतरी गळणार. वेज म्हणजे काहीतरी ओवलं जाणार.

(याला अपवाद एकच, संक्रांतीचे हलव्याचे दागिने. काटेरी हलव्याला वेज पाडायला गेलात तर साखरेचा भुगा होईल. तो एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत धरावा लागतो. हल्ली सरळ चिकटवतात. म्हणून त्या दागिन्यांना मुंग्यांखेरीज कुणी फार दिवस जवळ ठेवत नाही.)

आपल्याकडे मण्याचं माप सोनाराने नाही, शेताने ठरवलंय. जोंधळी पोतीचा मणी जोंधळ्याच्या दाण्याएवढा. बोरमाळेचा बोराएवढा. जवाच्या माळेचा जवासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. मिलिमीटर यायच्या आधी बायका सोनाराकडे जाऊन धान्याच्या भाषेत बोलत असणार, आणि ज्याने आयुष्यात एकदा तरी जोंधळा निवडलाय त्याला ती पुरेशी होती. बोरमाळेत आणखी एक गंमत असते. बाहेर सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख. माझ्या मावशीच्या बोरमाळेतलं एक बोर एसटीच्या गर्दीत कुणाच्या तरी ट्रंकेवर चेपलं, आणि लग्नघरी पोचल्यावर बघते तर चिरेतून तांबूस लाख डोकावतेय. मावशी दिवसभर पदर त्या बाजूला ओढून बसली होती. मला मात्र तेव्हापासून बोरमाळ जास्त आवडते. कमी सोन्यात भरगच्च दिसायची सोय कुणीतरी इतक्या डोक्याने केली आहे, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

पण भोक. काचेच्या मण्याला भोक पाडावं लागत नाही. वितळलेल्या काचेची पोकळ नळी ओढतात किंवा तारेभोवती काच गुंडाळतात, भोक आपोआप राहतं. दगडाला पाडावं लागतं. सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांनी लालबुंद दगडाचे बोटासारखे लांब, सडपातळ मणी केले. इराकमधल्या उर या गावच्या राजघराण्याच्या थडग्यांमध्येही तसले मणी सापडले, इतके ते दूरवर गेले. ते कसे केले असतील हे अभ्यासकांनी तशाच दगडी गिरमिटाने करून पाहिलं, तेव्हा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडलं. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या एका मण्याला चोवीस तास निव्वळ भोक. तेही दोन्ही टोकांकडून, आणि मधोमध एकमेकांना नेमकं भेटेल असं. चुकलं तर चोवीस तास मातीत.

हाच धंदा गुजरातेत खंभातला आजही चालतो. आपल्या जुन्या कागदांतलं खंबायत ते हेच. अकीकाचे, म्हणजे याच जातीच्या दगडाचे, गोटे उन्हात वाळवतात, मडक्यांत घालून शेणीच्या धगीत भाजतात. दगडातलं लोह तापलं की पिवळट करडा गोटा लाल होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकदार सळीवर तो दगड धरायचा आणि वरून म्हशीच्या शिंगाची हातोडी हलकेच मारायची. कपची खालच्या टोकाकडून उडते. भोकासाठी धनुकलीने फिरणारं गिरमिट, टोकाला हिऱ्याची बारीक कणी. ऐकायला फार छान वाटतं. घासताना आणि कोरताना उडणारी दगडाची पूड मात्र कारागिराच्या छातीत जाऊन बसते. तिथल्या अकीक कामगारांमध्ये सिलिकोसिस हा ठरलेला आजार आहे आणि तो बरा होत नाही. प्रदर्शनात दोनशे रुपयांची अकीकाची माळ घेताना आपण घासाघीस करतो, ती कशाची करतो हे एकदा कळलं की हात जरा आखडतो.

हा दगड मुळात आपलाच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांमध्ये पाझरलेल्या पाण्यातून थराथराने गारगोटी भरत गेली. काळा पाषाण झिजला, गारगोट्या नद्यांना मिळाल्या. घाटात रस्ता फोडतात तिथे कडेला बघा, काळ्या कातळात पांढरे डोळे दिसतात. म्हणजे दगडाच्या मण्यात दोन भोकं असतात, एक त्याच्या जन्माआधीचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासटिपणात नोंद आहे की पैठणहून असा दगड गाड्या भरभरून, रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदराला जातो. पैठण म्हणजे आपल्याला पैठणी आणि नाथ. त्या परक्या माणसाला पैठण म्हणजे मण्यांचा दगड.

त्याच्याही मागे जायचं तर जळगाव जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आहेत, सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे. हे वाचून मी दोनदा थांबले. एकदा, खानदेशात शहामृग होते म्हणून. आणि एकदा, जेव्हा शेती नाही, मडकं नाही, कापड नाही, तेव्हा मणी आहे म्हणून. एवढ्याशा कवचाच्या टिकलीला भोक पाडत कुणीतरी तासन् तास बसलं होतं, आणि त्या वेळात त्याला दुसरी पुष्कळ कामं असणार.

शब्द म्हणून 'मणी' खाली खाली घसरत आलेला आहे. संस्कृतात मणि म्हणजे रत्न. चिंतामणी, शिरोमणी, कौस्तुभमणी, सगळं आकाशातलं. मराठीत उतरता उतरता त्याची काच झाली, आणि आता तो तोळ्यावर नाही, पुडीवर मिळतो. पण शरीरात त्याने दोन जागा पक्क्या धरून ठेवल्या. मनगटाला संस्कृतात मणिबंध म्हणतात, मणी बांधायची जागा. आणि आपल्या पाठीत एकावर एक ओवलेले मणके आहेतच. मणक्याचं चित्र एकदा वरून बघितलं तर हे नाव किती चोख आहे ते कळतं: हाडाचा मणी, मधे वेज, आणि त्यातून ओवलेली मज्जारज्जूची दोरी. मागच्या वर्षी माझा चौथा-पाचवा मणका कुरकुरला तेव्हा डॉक्टरांनी कागदावर हेच चित्र काढून दाखवलं, आणि दुखत असूनही मला भाषेचं कौतुक वाटलं. (दुखणं कौतुकाने गेलं नाही.)

लहानपणी माझा या शब्दापायी एक घोळ व्हायचा. आमच्या गल्लीत मणी-बांगड्या विकायला एक मणियार यायचा आणि आजी त्याला 'मण्यार' म्हणायची. मण्यार हा सापही असतो, आणि तो रात्री अंथरुणात शिरतो हे मला कुणीतरी रंगवून सांगितलं होतं. "मण्यार आला गं दारात," असं आजी ओरडली की मी पलंगावर चढून पाय पोटाशी घ्यायची. वैदूणींची भीती नव्हती. 'सुया घे, पोत घे' करत त्या यायच्या, ओसरीवर पाटी टेकवायच्या आणि त्यातून लाल, हिरवे, दुधी मणी दोऱ्यासकट बाहेर ओढायच्या. दोऱ्यावर ओवलेला मणी पोरींना बघायला मिळायचा आणि सरकवायचा मणी असायचा पाटीला. शाळेची पाटी म्हणतेय. वरच्या चौकटीत तारा, तारांमध्ये लाकडी मणी, दहा-दहाचे. आमच्या अख्ख्या पहिलीत कुणाच्याच पाटीवर दहा शिल्लक नव्हते. माझ्या एका तारेवर सात होते आणि मी बरेच दिवस सात आणि तीन सातच समजत होते.

इंग्रजीतल्या 'बीड'चा प्रवास उलटा झाला. तो शब्द मुळात मण्यासाठी नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ प्रार्थना. माणसं प्रार्थना मोजायला माळ ओढायची, एक मणी म्हणजे एक प्रार्थना, आणि असं करता करता बोटांखाली जे होतं त्यालाच प्रार्थनेचं नाव चिकटलं. आपल्याकडे रत्नाचा मणी झाला, त्यांच्याकडे प्रार्थनेचा. मोजणं मात्र सगळीकडे तेच. जपमाळेत एकशेआठ आणि वर मेरुमणी, जो ओलांडायचा नसतो. तिथे पोचलं की माळ फिरवून परत मागे. मुसलमानांच्या तसबीत तेहतीस किंवा नव्व्याण्णव. गोव्यात तिन्हीसांजेला तेर्स म्हणतात त्या रोझरीत एकोणसाठ. आजोबा गोमुखीत हात घालून जपाला बसायचे तेव्हा आम्हाला फक्त पिशवी हलताना दिसायची, आत उंदीर असल्यासारखी. तर्जनी माळेला लागू द्यायची नाही म्हणून ते ती पिशवीबाहेर काढून ठेवायचे, आणि जप चालू असतानाच त्या एका बोटाने आम्हाला दटावायचे.

तुळशीच्या माळेची गोष्ट निराळी, ती ओढायची नसते, घालायची असते. पंढरपुरात तुळशीच्या काड्यांचे मणी करून माळा ओवणारी काशीकापडी समाजाची घरं आहेत. वारकऱ्याची माळ बहुधा तिथल्या कुणाच्या तरी हातून आलेली. 'त्याने माळ घातली' या तीन शब्दांत मटण सुटलं, दारू सुटली, आषाढीला रजा लागणार, हे सगळं येतं. इतका कमी बोलणारा दागिना दुसरा नाही.

इंग्रजी शब्द पुढे आणखी भटकला. तो घामाच्या थेंबाला लागला, सुताराच्या पट्टीला लागला, वेल्डिंगच्या रेघेला लागला. आपण घामाला मणी म्हणत नाही, मोती म्हणतो, दवालाही मोतीच. भोक नसलेल्या गोष्टीला मणी म्हणायला मराठी जीभ तयार होत नाही, असं माझं आपलं मत आहे. पण गॅरेजात गेलं की गोष्ट वेगळी. तिथे इंग्रजी शब्द जसाच्या तसा नांदतो. मार्चमध्ये माझ्या स्कूटरचं मागचं चाक रोज थोडं थोडं बसायचं. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात फिरवून बघितलं, एक बुडबुडा नाही. मग रिमच्या कडेला साबणाचं पाणी सोडलं आणि तिथे बारीक फेस धरला. "ताई, पंक्चर नाहीच आहे. बीड सोडतंय." मी त्या वेळी मराठवाड्यातल्या जिल्ह्याचा विचार केला, मग तव्याचा. ओतीव लोखंडाला आपण बीड म्हणतो ना, बीडाचा तवा. तो म्हणत होता ती टायरची आतली जाड कड, जिच्यात पोलादी तारेचं कडं असतं आणि जी रिमला घट्ट धरून बसते. त्याने टायर उतरवलं, रिमवरचा गंज पॉलिश पेपरने घासून काढला, कडेला साबण फासला आणि हवा भरली. फट्ट. क्षणभराने दुसऱ्या बाजूने, फट्ट. "बसलं बीड." मूळचा अर्थ प्रार्थना, आणि तो असा शिवाजीनगरच्या फुटपाथवर आवाज करून जागेवर बसतो.

आता दोऱ्याकडे येते. खरं तर त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं.

शाळेत पंधरा ऑगस्टला भाषण करणारं प्रत्येक पोर एक वाक्य म्हणायचं: आपण रंगीबेरंगी मणी आणि देश हा एक धागा. मीही म्हटलंय, बक्षीसही मिळालंय. ते वाक्य फार जुन्या घराण्यातलं आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात कृष्ण म्हणतो, दोऱ्यात मणी ओवावेत तसं हे सगळं माझ्यात ओवलेलं आहे. दोरा दिसत नाही, मणी दिसतात, दोऱ्यावाचून मणी राहत नाहीत, इतकं सरळ. ज्ञानेश्वर या ओळीपाशी आले आणि त्यांनी एक बदल केला. त्यांच्या ओवीत मणी सोन्याचे आहेत आणि दोराही सोन्याचाच. झालं, धरणारा आणि धरलेला वेगळा उरलाच नाही. गीतेतल्या दाखल्यात मणी काढून ठेवता येतात. ज्ञानेश्वरांच्या दाखल्यात सगळं आटवलं तर एकच लगड निघेल. ओवी हा शब्दही ओवण्यातूनच आला असं मानतात. म्हणजे हे ओवलेलं वाक्य ओवण्याबद्दल आहे.

ही ओवी सांगितली गेली ती नेवाशात, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. आईचं माहेर नेवासे तालुक्यातलं. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली तो पैसाचा खांब मी लहानपणापासून कितीदा पाहिलाय त्याला हिशेब नाही. सुट्टीत पाहुणे आले की त्यांना नगरची बस दाखवावी तितक्या सहज तो दाखवायचा. पण प्रवरेच्या काठी जे लाडमोड नावाचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आहे, तिकडे कधी कुणी नेलं नाही. तिथे काय आहे? माती आहे. एवढ्यावर विषय संपायचा.

त्या मातीत डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. त्या काळी दख्खनमधल्या या शेतकरी वस्त्यांत लहान मूल गेलं तर त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, त्यात मूल, आणि घराच्याच जमिनीखाली ते पुरायचं. वर पुन्हा सारवायचं आणि चूल पेटवायची. नेवाशाला एका लहान मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी मिळणं नवीन नाही, मणी सगळीकडे मिळतात. दोरा मिळत नाही. दोरा कुजतो. दहा-वीस पावसाळ्यांत माती होतो. म्हणून संग्रहालयातल्या सगळ्या माळा आपण आपल्या नायलॉनमध्ये ओवून ठेवलेल्या असतात, आणि कुठला मणी कुणाशेजारी होता हा बऱ्याचदा आपला अंदाज असतो.

नेवाशाच्या मण्यांमध्ये दोरा होता. तांबं गंजताना जे क्षार सुटतात ते सूक्ष्म जीव मारतात आणि धाग्यात मुरून त्याला धरून ठेवतात. मण्याच्या आत जेवढा दोरा होता, तेवढा वाचला. तपासणाऱ्यांना त्यात कापूस दिसला आणि रेशीमही. बलुचिस्तानात मेहरगढला तांब्याच्या मण्यात असाच कापसाचा धागा मिळाला, तो तर सात-आठ हजार वर्षांपूर्वीचा. कापसाचे त्याहून जुने धागे फारसे कुठे माहीत नाहीत, आणि तो एका मण्याच्या भोकात बसून राहिला म्हणून आपल्याला कळला.

माझं बक्षीस मिळालेलं वाक्य तिथेच उलटं पडलं. दोऱ्याने मणी सांभाळले ते चार-दोन वर्षं असतील, मूल जगलं तितकी. मण्यांनी दोरा सांभाळला तीन हजार वर्षं. आणि हे घडलं त्याच गावात, जिथे पुढे एकाने दोरा आणि मणी हा भेदच पुसून टाकला. ज्ञानेश्वर बसले होते तिथून ते टेकाड चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मी फक्त अंतर सांगतेय, आणखी काही सुचवत नाही. पण आईला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती खांबाबद्दल, ओवीबद्दल काहीच बोलली नाही. तिने विचारलं, "रेशमाचा दोरा घातला होता पोराला?" मग थोड्या वेळाने, "गरीब नसणार ते."

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघी रविवार पेठेत गेलो, आई, मी आणि भावाची मुलगी. आधी एका मोठ्या पेढीत गेलो होतो. तिथल्या मुलीने गोड हसून सांगितलं की हल्ली सगळे तारेतच करतात, दोऱ्याची कटकट नको. आईने तिलाच विचारलं, "आणि लोकलमध्ये कुणी ओढलं तर?" मुलीला कळेना. आईचं म्हणणं साधं होतं: कुणी ओढलं, कुठे अडकलं, तर दोरा जावा. मान जाऊ नये. हे कारण मी पन्नास वर्षांची होईपर्यंत मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, जुनं वळण म्हणून दोरा.

गाठवणारा एका जिन्याखाली बसतो. तीन फूट जागा, एक पाट, भिंतीत खिळा, वरून सोडलेला दिवा. आईने पदराआडून पुडी काढली, त्याने ती पितळी ताटलीत ओतली आणि सुईने मणी वेचायला लागला. वेचता वेचता थांबला. एक मणी उजेडाला धरला, दुसरा धरला.

"मावशी, भोकात काय भरलंय याच्या?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. कणीक. वाळून दगड झालेली. आईच्या युक्तीने उचललेल्या प्रत्येक मण्याचं वेज बुजलं होतं. तो काही बोलला नाही, पण पुढची वीस मिनिटं एकेक मणी सुईने टोकरताना त्याने जे श्वास सोडले ते बोलण्यासारखेच होते. आई समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिली. शेवटी ताटलीच्या कडेला त्याने एक दाणा वेगळा सारला आणि बोटाने आईकडे ढकलला. "ही घरी न्या. फोडणीला." पोरगी इतकी हसली की शेजारच्या दुकानातून कुणीतरी डोकावलं.

मग त्याने काळा दोरा मेणावरून ओढला, चार पदरी केला, एक टोक खिळ्याला अडकवलं आणि ओवायला लागला. तो मणी सुईवर घेत नव्हता, सुईच ढिगात बुडवत होता आणि दर वेळी सात-आठ मणी स्वतःहून चढून बसल्यासारखे वर येत होते. वाट्या आल्या, त्यांच्या दोन्ही अंगांना सोन्याचे मणी आले, प्रत्येकानंतर गाठ. गाठ मारताना तो दोऱ्याचं टोक दातात धरायचा. जुना दोरा पुडीतच होता, वीतभर, तेलाने आणि हळदीने मऊ, तपकिरी पडलेला. त्याने तो पाटाखालच्या डब्यात टाकायला उचलला.

"तो द्या इकडे," आई म्हणाली.

"त्याचं काय करता?"

"काही नाही. द्या."

मणी अकरा कमी भरले. कुठल्या तरी फटीत असतील, लादीचे ठिपके होऊन. त्याने आपल्या डबीतले घातले, जरा जास्त चकचकीत, आणि हिशेबात दोन बोटं जास्तच घातले. म्हणाला, वय झालं की पोत जरा सैल बरी. आईने तिथेच, जिन्याखाली, वाकून गळ्यात घातली आणि हाताने चाचपून बघितली. नेहमीच्या जागेच्या खाली हात गेला.

"लांब झाली का हो?"

"दोन बोटं वाढवलीय," तो म्हणाला.

पोरीने माझा हात ओढला. "बघ आत्या. आता वाढवली."